दोन आवाज आणि एक गाळलेले अव्यय : 'ईथर' या गीताचे रसग्रहण

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातील एखादे गीत रसग्रहणासाठी निवडावे, ही गोष्ट कित्येकांस चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. गीताचा विचार संगीतज्ञाने करावा, फार तर काव्यसमीक्षकाने करावा. व्याकरणाच्या माणसाचे तेथे काय काम, असा प्रश्न आमच्याच विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी प्रस्तुत लेखकास विचारला होता. त्याचे उत्तर गीताच्या रचनेतच आहे. ज्या गीतासंबंधी येथे लिहावयाचे आहे, त्याचे शब्द कागदावर उतरवले तर एक पानही भरत नाही, आणि वाचून पाहावे तर हाती फारसे काही लागत नाही. त्यातील अर्थ शब्दांत जितका आहे, त्याहून अधिक दोन शब्दसमूहांच्या मधल्या रिकाम्या जागेत आहे. वाक्य कोठे तुटते, कर्ता कोठे नाहीसा होतो, दोन विधानांना जोडणारे अव्यय का गाळले जाते, हे प्रश्न आमच्याच शास्त्राचे होत.

हे गीत म्हणजे 'गँग ऑफ फोर' या इंग्रज वाद्यवृंदाच्या 'एंटरटेनमेंट!' या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील पहिले गीत 'ईथर'. ध्वनिमुद्रिका १९७९ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाली. गायक जॉन किंग, गिटारवादक अँडी गिल, बेस गिटार वाजवणारा डेव्ह ॲलन आणि ड्रमवादक ह्यूगो बर्नहॅम असे हे चौघे, लीड्स या उत्तर इंग्लंडमधील शहरात एकत्र आलेले. त्यांपैकी किंग आणि गिल हे तेथील विद्यापीठात ललितकलेचे विद्यार्थी होते, आणि त्याच विभागात त्या काळी टी. जे. क्लार्क यांच्यासारखे कलेतिहासाचे मार्क्सवादी अभ्यासक शिकवीत असत. चित्राखाली कोणती ओळ लिहिली असता चित्राचा अर्थ कसा पालटतो, हा प्रश्न त्यांच्या अभ्यासाचाच भाग होता. ध्वनिमुद्रिकेच्या लाल वेष्टनावर एका 'विनेटू' चित्रपटातील गोरा मनुष्य व अमेरिकेचा आदिवासी हस्तांदोलन करताना दाखवले असून, त्याच चित्राच्या तीन आवृत्त्यांभोवती कडवट मजकूर लिहिलेला आहे. चित्र मैत्री सांगते आणि मजकूर फसवणूक सांगतो. 'ईथर'मधील दोन आवाजांचे नाते समजून घेण्यास हे वेष्टन उपयोगी पडते.

१९७६-७७ च्या पंक संगीताची पहिली लाट ओसरल्यावर जे निर्माण झाले, त्यास पुढे 'पोस्ट-पंक' असे नाव पडले. पंकने आरडाओरडा केला. या मंडळींनी त्या आरड्याचे पृथक्करण करावयास घेतले, असे स्थूलमानाने म्हणता येईल. या प्रवाहातील आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांची पहिली गीते अभ्यासण्यासारखी आहेत. 'पब्लिक इमेज लिमिटेड'च्या १९७८ मधील ध्वनिमुद्रिकेचा आरंभ नऊ मिनिटांच्या एका दीर्घ आक्रोशाने होतो. 'जॉय डिव्हिजन'च्या १९७९ मधील ध्वनिमुद्रिकेचा आरंभ अस्वस्थ, धावत्या लयीने होतो. आपल्याकडे संगीत नाटकाच्या आरंभी नांदी असे आणि नांदीत आशीर्वाद असे. येथे नांदीची जागा आहे, पण आशीर्वाद नाही. ध्वनिमुद्रिकेचे नाव 'करमणूक' या अर्थाचे, त्यावर उद्गारचिन्ह, आणि सुई खाली ठेवताच तुरुंगाचे नाव कानी पडते.

गीताची रचना अशी. एक आवाज सुखवस्तू, शहरी जीवनाची भाषा बोलतो. सुखाचा शोध, परीकथेचा गोड शेवट, इंद्रधनुष्याच्या टोकाशी असलेला ठेवा अशी त्याची सामग्री आहे. जाहिरातीची आणि बालकथेची झिजलेली नाणी त्याने एकत्र केली आहेत. त्याचे प्रत्येक पद संपते न संपते तोच दुसरा आवाज येतो, आणि तो उत्तर आयर्लंडमधील तुरुंग, चौकशी, छळ आणि रोजचे मृत्यू यांची पदे टाकीत जातो. हा आवाज गात नाही. तो जवळजवळ नोंद करतो. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचे ऐकत आहे असे वाटत नाही. आपल्या तमाशातील सवाल-जवाबातही दोन आवाज असतात, पण तेथे जवाब देणाऱ्याने सवाल ऐकलेला असतो. येथे ऐकणारा एकच, आणि तो आपण.

गेल्या वर्षी पदव्युत्तर वर्गात हे गीत ऐकवून विद्यार्थ्यांस दोन्ही आवाज दोन रकान्यांत लिहावयास सांगितले. एका विद्यार्थिनीने दुसरा रकाना कोराच ठेवला. विचारता ती म्हणाली, तो आवाज गीताचा नाही, शेजारच्या खोलीत कोणीतरी रेडिओ लावला आहे असे मला वाटले. वर्ग हसला. परंतु हा गैरसमज बहुतेक पंडिती समीक्षेहून गीताच्या अधिक जवळ जाणारा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण लंडनमधील किंवा लीड्समधील सामान्य माणसास त्या काळी उत्तर आयर्लंड असेच ऐकू येत होते. चहाच्या वेळी, दुसऱ्या खोलीतून, बातमीपत्रातून.

आता व्याकरणाकडे वळू. दोन्ही आवाजांचे पहिले पद एकाच साच्यातले आहे. दोन्हींच्या आरंभी अडकण्याचा वा कोंडले जाण्याचा अर्थ असलेले कर्मणी धातुसाधित विशेषण, पाठोपाठ स्थळ अथवा स्थिती सांगणारा शब्दसमूह. कर्ता नाही, कर्मही उघड नाही. एकजण सुखाच्या राहणीत अडकला आहे, दुसरा तुरुंगात. कोणी अडकवले, हे दोघेही सांगत नाहीत. येथे मराठी अनुवादकाची मोठी पंचाईत होते. इंग्रजीतील या रूपास लिंग नाही, वचन नाही. मराठीत 'कोंडलेला' म्हणावे की 'कोंडलेली' की 'कोंडलेले', याचा निर्णय केल्यावाचून एक पाऊल पुढे टाकता येत नाही. आणि निर्णय केला की गीताची गंमत गेली. कारण मूळ रचनेत पहिल्या पदाची व्यक्ती आणि दुसऱ्या पदाची व्यक्ती एकच असू शकते, ही शक्यता रूपानेच जिवंत ठेवलेली आहे. पुढील कडव्यात नुसते धातू येतात. परक्या भूमीवर ध्वज फडकावण्याची, बातम्या दडपण्याची क्रिया सांगितली आहे; पण ती आज्ञा आहे, वर्णन आहे, की कार्यक्रमपत्रिकेतील बाब आहे, हे इंग्रजीत कळत नाही. कर्त्याचा हा सततचा लोप लेखनातील दुर्लक्षाने झालेला नाही. ज्या व्यवस्थेबद्दल गीत बोलते, तिच्या कागदोपत्रीही कर्ता असाच नाहीसा झालेला असे.

या विधानास इतिहासाचा आधार द्यावयास हवा. ऑगस्ट १९७१ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये खटल्याशिवाय स्थानबद्धता सुरू झाली. स्थानबद्धांपैकी चौदा जणांवर चौकशीची पाच तंत्रे वापरण्यात आली. डोक्यावर पिशवी घालणे, भिंतीशी अवघडलेल्या स्थितीत तासन् तास उभे करणे, झोपू न देणे, अन्नपाणी तोडणे आणि अखंड गोंगाट ऐकविणे, ही ती पाच होत. या प्रकारास सरकारी भाषेत 'सखोल चौकशी' असे शब्द होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात कॉम्प्टन समितीने निर्णय दिला की शारीरिक दुर्वर्तन झाले, पण 'क्रौर्य' झाले नाही. कारण क्रौर्य म्हणावयाचे तर दुसऱ्याच्या वेदनेविषयी बेफिकिरी किंवा तीत सुख मानण्याची वृत्ती हवी. मार्च १९७२ मध्ये पंतप्रधान हीथ यांनी या तंत्रांवर बंदी जाहीर केली. पुढे आयर्लंडने ब्रिटनविरुद्ध तक्रार केली. १९७६ मध्ये युरोपीय मानवाधिकार आयोगाने या वर्तनास 'छळ' म्हटले. परंतु १८ जानेवारी १९७८ रोजी युरोपीय न्यायालयाने तो शब्द काढून घेतला आणि 'अमानुष व अवमानकारक वागणूक' एवढेच म्हणावे असे ठरविले. कृत्यांविषयी वाद नव्हता. वाद नामाविषयी होता. २०१८ मध्ये हा निर्णय बदलण्याची आयर्लंडची विनंती त्या न्यायालयाने फेटाळली. डिसेंबर २०२१ मध्ये मात्र ब्रिटनच्याच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की आजच्या कसोटीने या वागणुकीस बहुधा छळच म्हटले जाईल.

'ईथर'मधील दुसरा आवाज हाच शब्द उच्चारतो. न्यायालयाने तो नाकारल्यास जेमतेम वीस महिने झाले होते. त्या आवाजात आवेश नाही, रडणे नाही. नाम तेवढे जागेवर परत ठेवलेले आहे. अर्थात हा आवाज निःपक्षपाती वार्ताहराचा आहे असेही समजू नये. तो तुरुंगास 'लाँग केश' म्हणतो. सरकारने त्या तुरुंगाचे नाव 'मेझ' केले होते आणि जुने नाव मुख्यत्वे प्रजासत्ताकवादी लोकांच्या तोंडी राहिले होते. तो प्रदेशास 'सहा परगणे' या अर्थाच्या शब्दांनी संबोधतो. 'उत्तर आयर्लंड' किंवा 'अल्स्टर' म्हणत नाही. नावांच्या निवडीवरून बोलणाऱ्याचा पक्ष ओळखावा, हा सामाजिक भाषाशास्त्रातील पहिला पाठ होय. सूर तटस्थ आणि नावे पक्षाची, असा हा संयोग आहे. ध्वनिमुद्रिकेवर टीका करणाऱ्यांनी तिला कधी 'प्रचारकी', तर कधी 'कोरडी' म्हटले आहे. दोन्ही विशेषणे एकाच वेळी कशी लागू पडतात, याचा उलगडा या संयोगातून होतो.

त्या चौघांना शब्दांची किंमत ठाऊक होती, याचे एक उदाहरण येथेच सांगून टाकतो. १९७९ मध्येच त्यांच्या दुसऱ्या एका गीतास बी.बी.सी.च्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या फार मोठ्या श्रोतृवर्गाच्या कार्यक्रमात स्थान मिळाले होते. गीतात गर्भनिरोधक साधनासाठी एक बोलीतील शब्द होता. तो बदलण्याचा आग्रह झाला, त्यांनी एक पर्याय सुचवला, तोही चालेना. तेव्हा ते कार्यक्रम सोडून निघून गेले. व्यवहाराच्या दृष्टीने हा मूर्खपणा ठरला असेल, पण 'ईथर'च्या कर्त्यांनी याहून वेगळे करणे शोभले नसते.

आता एक दोष. गोंगाट ऐकविण्याचे तंत्र १९७१ मध्ये बॅलिकेली येथील लष्करी तळावर वापरले गेले. गीतात उल्लेखिलेल्या एच-आकाराच्या तुरुंग-इमारती मात्र १९७६ पासून वापरात आल्या आणि तेथील संघर्ष कैद्यांच्या राजकीय दर्जाविषयी, तुरुंगाचे कपडे नाकारण्याविषयी होता. गीताने हे दोन प्रसंग एका खोलीत आणून ठेवले आहेत. कवीस एवढी मुभा आहे, असे म्हणून हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. कारण जे गीत बातमी दडपण्यावर बोट ठेवते, त्याने स्वतःची बातमी बिनचूक द्यावी ही अपेक्षा रास्तच होय. ज्यांनी ते भोगले त्या माणसांपैकी एकाचाही चेहरा गीतात नाही, हाही उणेपणाच आहे. छळ येथे यादीच्या स्वरूपात येतो.

असे असूनही गोंगाटाचे ते पद गीतातील सर्वांत प्रभावी पद आहे, हे मान्य केले पाहिजे. 'व्हाइट नॉईज' म्हणजे सर्व कंपनसंख्या सारख्याच बळाने एकवटलेला आवाज. ध्वनिविचाराच्या प्रयोगशाळेत आपल्या 'स्' व 'श्' या उष्म वर्णांचे आलेख ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस त्याच्या स्वरूपाची थोडीफार कल्पना येईल. त्यात भेद नाही. आणि जेथे भेद नाही तेथे अर्थ नाही. माणसाला अशा आवाजात कोंडणे म्हणजे त्याला भाषेच्या बाहेर ढकलणे. गीतात एकच रंगवाचक विशेषण त्या ध्वनीला आणि त्या खोलीला लावले आहे. गिटारही हेच सांगते. अँडी गिलला जुन्या नळीच्या वर्धकांचा उबदार नाद नकोसा होता. त्याची गिटार कोरडी, धारदार, तुकड्यातुकड्यांत वाजते आणि तुकड्यांच्या मध्ये स्वच्छ शांतता असते. रेगे संगीताच्या 'डब' प्रकारातून वाद्य मध्येच काढून घेण्याची रीत या मंडळींनी उचलली. बेस आणि ड्रम शरीराला डोलावयास लावतात, गिटार त्या डोलण्याला अडथळा करते. पायाने ठेका धरावा आणि त्याच क्षणी आपण कशावर ठेका धरतो आहोत हे ऐकू यावे, अशी ही योजना आहे.

या योजनेस विरोध म्हणावे काय? मर्ढेकरांनी लयतत्त्वाचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन प्रकार मानले. 'ईथर'वर इंग्रजीत जे लिहिले जाते, त्यात बहुधा विरोधावरच भर असतो. इकडे चैन, तिकडे छळ, अशी मांडणी केली जाते. प्रस्तुत लेखकास हे वाचन अपुरे वाटते. विरोध मानला की दोन पदांमध्ये आपण न कळत 'परंतु' घालतो. एकजण सुखात आहे, परंतु दुसरा दुःखात आहे. हे करुणेचे वाक्य आहे; ऐकणाऱ्यास हळहळ वाटते आणि तो मोकळा होतो. पण गीतात 'परंतु' नाही. 'आणि'ही नाही, 'म्हणून'ही नाही. दोन पदे नुसती शेजारी ठेवली आहेत. ती समान साच्याची आहेत, समान वजनाची आहेत, एकाच ठेक्यावर बसलेली आहेत. म्हणजे रचनेच्या अंगाने पाहिले तर येथे संवादलयच अधिक आहे. उभयान्वयी अव्यय कोणते घालावयाचे, हे काम श्रोत्यावर सोपवलेले आहे; आणि जो जे अव्यय घालील, त्यावरून तो कोठे उभा आहे हे उघड होईल. 'आणि' म्हणणारा जग असेच असते म्हणेल. 'परंतु' म्हणणारा हळहळेल. 'म्हणून' म्हणणाऱ्यास मात्र स्वस्थ बसता येणार नाही.

गीत स्वतः कोणत्या बाजूस कलते, हे शेवटच्या भागात दिसते. तेथे पदांची अदलाबदल होते. सुखाच्या शोधाची पदे आता मागून, उत्तरादाखल येतात, आणि त्यांच्यासमोर एक अगदी नवे विधान येते. रॉकॉल नावाच्या खडकाखाली खनिज तेल असण्याची शक्यता सांगणारे. हे स्थळ ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्यांना येथे हमखास ठेच लागते. रॉकॉल हा उत्तर अटलांटिकमधील एक निर्जन ग्रॅनाइटचा सुळका, समुद्रातून जेमतेम सतरा मीटर वर आलेला. १९५५ मध्ये ब्रिटनने तो आपल्या ताब्यात घेतला, १९७२ मध्ये कायदा करून स्कॉटलंडला जोडला. आयर्लंडने तो हक्क कधी मानला नाही. इंग्रज श्रोत्यास हे नाव रेडिओवरील सागरी हवामानवृत्तामुळे लहानपणापासून परिचित असते, झोपेच्या वेळी ऐकलेल्या मंत्रासारखे. त्या गुंगीच्या नावाखाली गीत तेलाची शंका ठेवते. क्रियापद शक्यतार्थक आहे. आहे असे म्हटलेले नाही, असेल, एवढेच. साम्राज्याचा व्यवहार पुष्कळदा या शक्यतार्थावर चालतो. काही मिळेल, म्हणून ध्वज आधी रोवून ठेवावा. परक्या भूमीचा ध्वज, तुरुंग आणि सुखाचे इंद्रधनुष्य यांना बांधणारे कार्यकारण येथे प्रथमच चाटून जाते, आणि तेही 'कदाचित'च्या आडून. १९९७ मध्ये सागरी कायद्याचा करार स्वीकारताना ब्रिटनने या खडकाच्या आधाराने सभोवारच्या समुद्रावर मांडलेला हक्क सोडला. गीतातील तेल तसेच शक्यतेत राहिले.

शीर्षकाचा शब्द गीतात कोठेही येत नाही. 'ईथर' म्हणजे एके काळी शस्त्रक्रियेपूर्वी हुंगविण्यात येणारे, भूल आणणारे द्रव्य. 'ईथर' म्हणजे प्रकाशलहरींसाठी एकोणिसाव्या शतकातील पदार्थविज्ञानाने कल्पिलेले आणि १८८७ च्या मायकेलसन-मॉर्ले प्रयोगानंतर हळूहळू टाकून दिलेले अदृश्य माध्यम. आणि त्यावरूनच पुढे 'ईथर' म्हणजे रेडिओचे अवकाश. तीनही अर्थ गीतात चालतात, आणि कोणता एक निवडावा याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. आपल्याकडे या शब्दास 'आकाश' हा प्रतिशब्द योजण्यात आलेला आहे. वैशेषिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण. कानाला ऐकू येते ते आकाशामुळे. मूळ इंग्रजी शीर्षकात हा अर्थ नाही, हे उघड आहे. तरीही वर्गात त्या विद्यार्थिनीचा कोरा रकाना पाहिल्यापासून हे गीत ऐकताना प्रस्तुत लेखकास तो अर्थ टाळता आलेला नाही. भिंतीपलीकडून येणारा तो दुसरा आवाज आपल्याच खोलीच्या आकाशात उमटत असतो. पुढच्या सत्रात तिने तो रकाना भरून आणला, आणि दोन रकान्यांच्या मध्ये एक तिसरा, अरुंद रकाना आखून त्यात प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने एकेक अव्यय लिहिले होते. निम्म्याहून अधिक खोडलेली होती.